अत्तर मुरेपर्यंत

लिफ्टमध्ये कुणी नव्हतं. रेणू नंतर स्वतःला हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. दार उघडलं तेव्हा आत पिवळा दिवा होता, आरसा होता, आरशात मेथीची जुडी आणि दुधाच्या पिशव्या घेतलेली एक बाई होती. आणि वैशाली होती. म्हणजे वैशालीचा वास होता. ओल्या लाकडाच्या भुशावर वेलदोड्याची सालं पडावीत आणि वरून कुणी ट्रंकेतली लोकरी शाल झटकावी, तसा काहीतरी, पण तसाही नाही. वास सांगायला गेलं की तो दुसऱ्याच कशाचा तरी होतो. थोरली बहीण जाऊन तीन वर्षं झाली होती आणि बरकतपुऱ्यातल्या या इमारतीत ती कधी राहिलीच नव्हती. रेणूनं बटण दाबलं नाही. दार लागलं. मग लिफ्ट कुणीतरी वर बोलावली, पाचव्यावर दार उघडलं तर तिथंही कुणी नव्हतं, कंटाळून जिन्यानं गेलं असेल. पुन्हा खाली, पुन्हा वर. खाली वॉचमनच्या बायकोनं तेलुगूत विचारलं, लिफ्ट बिघडली का अम्मा? रेणूनं मान हलवली. ती होकाराची की नकाराची ते दोघींनाही कळलं नाही. तोंड उघडलं असतं तर श्वास बाहेर गेला असता, आणि श्वास तर तिला धरून ठेवायचा होता.

कारण वैशाली गेली तेव्हा रेणूला नाक नव्हतं. त्या उन्हाळ्यात घराघरांत तो ताप आला, रेणूलाही आला, आणि ताप उतरला तरी वास परत आला नाही. कॉफीला वास नाही, कापराला नाही, करपलेल्या दुधाला नाही. वैशाली कोठीच्या पोस्टात काउंटरवर बसायची. तिला दवाखान्यात नेलं ते नेलंच, शेवटचं पाहायलासुद्धा कुणाला सोडलं नाही. गौलीगुड्याच्या त्या दोन खोल्या रिकाम्या करताना अविनाशनं, रेणूच्या नवऱ्यानं, हातमोजे घालून अक्काच्या साड्या, चादरी, उशांचे अभ्रे सगळं उकळत्या पाण्यातून आणि औषधातून काढलं. शहाणा माणूस, त्या दिवसांत सगळे शहाणे तेच करत होते. रेणू दोरीवरच्या ओल्या साडीत तोंड खुपसून उभी राहिली होती आणि साडी नुसती ओली होती. दोन-तीन महिन्यांनी एका सकाळी नाकाला फोडणीतली मोहरी लागली, मग हळूहळू सगळं जग परत आलं, गटारासकट. एक वास सोडून. तो जगातच शिल्लक नव्हता.

आणि आज लिफ्टमध्ये.

वैशालीच्या उजव्या कानाच्या पाळीवरच्या घडीत कायम एक फाया असायचा, कापसाचा, हरभऱ्याएवढा, अत्तरात बुडवलेला. पोस्टातले लोक हसायचे, ये क्या मुशायरे को निकले क्या म्हणायचे, ती म्हणायची, हौ, तुमारे स्टांपां को बास आती, मैं क्या करूं. लग्न तिनं केलं नाही. का, ते कुणाला सांगितलं नाही. आईनं वर्षभर विचारलं, मग विचारणं सोडलं आणि तिची वाट पाहणं धरलं. संध्याकाळी वैशी ड्युटीवरून येईपर्यंत मालनबाई जेवायच्या नाहीत. आली की दोघी समोरासमोर ताट घेऊन बसायच्या आणि काउंटरवर आलेल्या माणसांची नक्कल व्हायची. रेणूला हे सगळं माहेरपणाला आल्यावर दिसायचं, आणि दरवेळी तिच्यासाठी तिसरं ताट घ्यायला कुणीतरी उठायचं, ते उठणं तिला दिसायचं.

आता मालनबाई रेणूकडे होत्या, आणि कुठं आहोत ते त्यांना ठाऊक नव्हतं. सकाळी ठीक असायच्या. कुणी वाढलं की दोन घास खायच्या. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर चढलं की उठायच्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. वैशी आली नाही अजून. सुरुवातीला रेणूनं खरं सांगितलं होतं. आई, अक्का गेली. मालनबाईंनी ते पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या दिवशीही पहिल्यांदाच ऐकलं. तिसऱ्या दिवशी अविनाश म्हणाला, "पुरे. रोज एका माणसाला मारायचं नसतं." तेव्हापासून वैशाली ड्युटीवर होती. ड्युटी संपत नव्हती आणि मालनबाई जेवत नव्हत्या. "ती आल्याबिगर घास उतरत नाही, बाई," त्या रेणूला म्हणायच्या. बाई. ओ बाई, पाणी द्या. बाई, तुमचं घर कुठंय, तुमचे लोक वाट बघत असतील. हाताची हाडं दिसायला लागली होती. डॉक्टरांनी वजन पाहून नळीचा विषय काढला होता, नाकातून घालायची नळी. आईच्या नाकातून. रेणूच्या डोक्यातून ती नळी जात नव्हती.

"म्हणजे तू अत्तर लावून अक्का होणार," अविनाश म्हणाला. चेष्टेनं नाही, तो पुण्याचा होता, त्याचं साधं बोलणंही चेष्टेसारखं यायचं.

"आईनं जेवावं एवढंच."

"आणि नंतर?"

रेणू म्हणाली, नंतर भांडी घासायची.

लिफ्टमधून कुणीतरी ते लावून गेलं होतं, म्हणजे ते अजून मिळत असणार. पत्थरगट्टीच्या आतल्या गल्लीतलं दुकान तिला आठवत होतं, अत्तराचं नाव नव्हतं. वैशालीनं ते कधी उच्चारलंच नव्हतं. ती नुसती पायरीशी उभी राहून "वोच" म्हणायची आणि म्हातारे दुकानदार बाटली भरायचे. आता गादीवर त्यांचा पुतण्या होता, कानात फोनची वायर, समोर अर्धा खाल्लेला समोसा.

"कैसी खुशबू होना आपा? ठंडी, गरम?"

"मेरी बहन लगाती थी. वोच बोलती थी."

"वोच बोलेतो," तो कपाटाकडे हात करून हसला, "हमारे पास सब वोच है."

त्यानं काचेची कांडी बुडवून तिच्या डाव्या मनगटावर टेकवली आणि रेणूनं सवयीनं दुसरं मनगट त्यावर घासलं. "अरे नक्को, रगडो नक्को, गुस्सा हो जाता. छोड दो. जाके चाय पी के आओ. इत्तर अब्बी झूट बोलरा, आधे घंटे के बाद सच बोलता." मग शेजारी येऊन बसलेल्या बुरख्यातल्या बाईलाही त्यानं तेच वाक्य त्याच सुरात ऐकवलं.

डावं मनगट. खस. पाण्याच्या माठाला कपाळ टेकावं तसं थंड. नाही.

उजवं मनगट. हिना. गोड, जड, लग्नाच्या हॉलमध्ये गालिच्यावर बसल्यासारखं. जवळ. नाही.

डाव्या कोपराची खळगी. मातीचं अत्तर, याला गिल म्हणतात म्हणे. हे लावून माणूस कुठं जात असेल?

उजव्या कोपराची. त्यानं न विचारता टेकवलं, ये शमामा है, बोलला, समोशाकडे वळला, आणि रेणूनं कोपर नाकाशी नेलं. कोपराच्या खळगीत वैशाली होती. अख्खी. कानातला फाया, पावसात भिजलेली पर्स, दुपारच्या झोपेतला गरम मान-गळा, लहानपणी एका चादरीत झोपताना रेणूच्या तोंडावर येणारे केस. तिनं हात वाकवून धरला, कुशीत मूल धरतात तसा, आणि तशीच ती बाहेर पडली, लाखेच्या बांगड्यांच्या ढिगांमधून, खजुरांच्या गाड्यांमधून, चहा प्यायला. रडायचं तिनं कपबशी समोर येईपर्यंत लांबवलं.

चहा निवला. कोपर उलगडून तिनं नाक लावलं तर वैशाली नव्हती.

लाकूड होतं थोडं. पण त्याच्यावर काहीतरी चढत होतं, आंबट, धातूसारखं, ओळखीचं. तिनं उजवं मनगट हुंगलं. तेच. डावं. तेच. डाव्या कोपरातल्या मातीतूनसुद्धा तेच उगवत होतं. नाणी. हातात फार वेळ धरलेली नाणी आणि घामानं मऊ झालेलं चामडं. तिचे वडील, हिम्मतराव, गौलीगुड्याच्या डेपोत कंडक्टर होते. रात्री दारात आले की आधी ती चामड्याची पिशवी आत यायची, मग ते. चार अत्तरं लावली होती आणि चारही ठिकाणी बाप येऊन बसला होता.

घरात हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्याला कुणी वास म्हणत नव्हतं. लहानपणी दोघी बहिणींना सारखे चांदीचे गोट केले होते. वैशालीचे लखलखीत राहिले, आईच्या मनगटातल्या गोटांसारखे. रेणूचे महिन्याभरात काळे पडले. चिंच लावून घासले, पुन्हा काळे. "हिच्या अंगाला चांदी टिकत नाही," मालनबाई शेजारणींना सांगायच्या, "वैशीचं आंग माझ्यावर गेलंय, गोड. ही बापावर. रगतच तसलं." शेजारणी हसायच्या, बापही हसायचा. मोगऱ्याचा गजरासुद्धा रेणूच्या केसांत लवकर तांबूस व्हायचा. पुढं तिनं चांदी घालणं सोडलं, गजरा सोडला. कुणी विचारलं तर आवडत नाही म्हणायची, आणि वीस वर्षं म्हटल्यावर ते खरंच झालं होतं.

तरी तिनं बाटली घेतली. अर्धा तास तर अर्धा तास. एवढ्यात माणूस जेवून उठतो.

पहिल्या दिवशी ती ऊन भिंतीवर चढायच्या आत मागच्या दारानं जिन्यात गेली, दोन्ही मनगटांना आणि कानामागे कांडी लावली, अक्कासारखी पर्स खांद्यावर टाकली आणि पुढची बेल वाजवली. दार आईनंच उघडलं. तिथंच तर उभ्या होत्या त्या. रेणू नुसती जवळ उभी राहिली. मालनबाईंच्या नाकपुड्या हलल्या. मग चेहऱ्याचा एकेक भाग जागेवर आला, भुवया, गाल, ओठ, कुणीतरी आतून दिवे लावत आल्यासारखा.

"आलीस व्हय. किती उशीर गं वैशे. रांग होती का?"

"हौ. लई रांग."

दोन पोळ्या, वरणभात, वर दही. अविनाशनं स्वयंपाकघरातून पाहिलं आणि नळ सोडून उगाच हात धूत राहिला.

मग रोज तसं झालं. बेल, पर्स, आलीस व्हय. वजन किंचित वाढलं, नळीचा विषय मागं पडला. रेणू काउंटरवरच्या माणसांच्या नकला करायला शिकली. अर्धा तास होत आला की ती हात पदराखाली घ्यायची, जेवण संपलं की "कपडे बदलून येते" म्हणून आत जायची, आणि साबणानं धुऊन बाहेर यायची ती बाई असायची. बाई, माझी लेक जेवली का? जेवली. तुम्हीपण जेवा, बाई. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, असं ती स्वतःला सांगायची. सांगून झाल्यावरही थोडा वेळ न्हाणीघरात उभी राहायची.

एका संध्याकाळी भात कालवता कालवता मालनबाई थांबल्या.

"रेणी येत नाही गं आजकाल."

रेणूच्या हातात वरणाचा चमचा होता. "येईल."

"कव्हा? नवरा पुण्याचा. आपल्या घरात त्याला पाय पसरायला जागा होत नाही." टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अविनाशनं फोनमध्ये मान घातली. "तसा वाईट नाही," मालनबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण हसत नाही मेला." अविनाश हसला, आणि ते त्यांना दिसलं नाही.

"ती रागावलीय," त्या म्हणाल्या.

"कशाला रागवंल?"

"चांदीचं बोलायची मी. चारचौघींत. पोर खालमानेनं गोट घासत बसायची, मला दिसायचं. दिसायचं तरी बोलायची." त्यांनी घास ताटात तसाच ठेवला. "तू सांग तिला. म्हणावं ये. मी काही बोलत नाही आता."

सांगते, रेणू म्हणाली. वैशाली म्हणाली. कोण म्हणालं कुणास ठाऊक. त्या रात्री ती बाटली हातात घेऊन बसली आणि तिला पहिल्यांदा अक्काचा राग आला, साधा, बहिणीचा राग, तुझं अंग गोड म्हणून. मेलेल्या माणसाचा असला राग कुठं ठेवायचा तेही कळेना. आणि त्या रागाच्या खाली, चहा निवल्यावर कोपरात उगवलं होतं तसं, दुसरं काही होतं: आईनं एकदा, एकदाच, रेणे म्हणावं.

ते झालं. असं झालं की मालनबाई दुपारी झोपल्या त्या उठेचनात. ऊन भिंतीवर चढलं, उतरलं. रेणू अत्तर लावून, पर्स अडकवून तयार होती. उठवू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून ती उशाशी बसली. कपाळ गरम आहे का पाहायला हात ठेवला, आणि ठेवलेला हात तसाच राहिला. अर्धा तास गेला, अजून एक गेला. तिला कळलं होतं. पुन्हा कांडी लावायला उठता आलं असतं. उठली नाही.

मालनबाईंनी डोळे न उघडता तो हात नाकाशी ओढून घेतला. बराच वेळ हुंगला.

"रेणे," त्या म्हणाल्या. "कव्हा आलीस?"

"आत्ताच."

"हाताला किती बापाचा वास येतो गं तुझ्या." आणि त्यांनी मनगटाला गाल लावला, काळ्या गोटांच्या जागेला, आणि डोळे उघडून रेणूकडे पाहिलं. खरोखर तिच्याकडे. केस पिकले की तुझे. वाळलीस. जावई कसाय. रेणू हो, नाही, बरंय म्हणत होती आणि तिला वाटत होतं, आपण कुठून तरी फार लांबून, उभ्यानं प्रवास करून आलो आहोत आणि आत्ता बसायला मिळालं. मग आईचा हात थांबला. डोळे खोलीभर फिरले. हे कपाट आपलं नव्हे, ही खिडकी आपली नव्हे. रेणूच्या घरी आपण का आहोत, याचा हिशेब त्या आत कुठंतरी मांडत गेल्या, आणि रेणूला दिसलं की तो चुकत नाहीये.

"वैशी गेली, नव्हं?"

रेणूनं दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला.

"गेली. मला बघूसुद्धा दिली नाही." त्या हुंदका न देता रडल्या, नुसतं पाणी, कानांच्या पाळ्यांपर्यंत. रेणूचा हात सोडला नाही. जेवल्या नाहीत. रेणू ओळखू येते त्या दारातूनच वैशालीचं मरण आत येतं. दोघी एकाच दोरीला बांधलेल्या. सकाळी त्या पुन्हा बाई म्हणाल्या, आणि रेणूला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचं वाईटही वाटायला वेळ नव्हता. पुन्हा ऊन भिंतीवर चढत होतं.

ती बाटली उघडून खाटेच्या कडेला बसली. लावलं नाही तर बाई, आणि ताट तसंच परत. लावलं तर अक्का, रोज, अर्धा अर्धा तास. आणि अर्ध्या तासापुढं थांबलं तर रेणे. त्या एका शब्दासाठी आईला काय मोजावं लागतं ते आता माहीत झालं होतं. मालनबाई दारात उभ्या होत्या, चौकटीला हात टेकून. वाळलेलं मनगट, त्यात सैल झालेला चांदीचा गोट. पंचावन्न वर्षांचा असेल. लखलखीत.

वैशीचं आंग माझ्यावर गेलंय.

रेणू उठली. "आई, हात द्या," तिनं म्हटलं, बाईनं म्हणावं तसं. गोट वर सरकवला आणि कांडी आईच्या मनगटावर टेकवली. घासलं नाही. खुर्ची आणून दारातच बसवलं, ताट वाढून आणलं आणि दोघी थांबल्या. मालनबाई जिन्याकडे बघत होत्या. मग नाकपुड्या हलल्या. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेवटी मान खाली घालून स्वतःचं मनगट नाकाशी नेलं.

अर्धा तास होऊन गेला. रेणू वाकली, हुंगलं. ओलं लाकूड, वेलदोडा, लोकरी शाल. कुठंही गेली नव्हती अक्का. आईच्या अंगावर ती तशीच्या तशी मुरत होती.

"आलीस व्हय," मालनबाई मनगटाशी म्हणाल्या, हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं. "किती उशीर."

रेणूनं घास पुढं केला. त्यांनी खाल्ला. दुसरा खाल्ला. मध्येच चावायचं थांबून त्यांनी रेणूकडे नीट पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, मग मनगट पुन्हा तोंडाशी नेलं.

"वैशे, ही बाई कोण गं? रोज येती. जीव लावून भरवती." ऐकल्यासारखं थोडं थांबल्या. "हात मात्र तिचा आपल्या रेणीसारखा आहे. जपून कालवती."

आणि त्यांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.